‘पेटारा पळाला’मधली कोळीण

सातपाटी,
सोमवार

प्रिय दीपा,

तुझे फोन मी उचलत नव्हतो, आणि आता तू करायचंच सोडून दिलंस. आपल्या जावयांनी, धीरजरावांनी मध्ये एकदा केला, तोही मी तसाच वाजू दिला. तुला वाटत असेल, म्हातारा रुसून बसलाय. रुसलेलो नाही. सातपाटीहून बोईसर काही परदेशात नाही. सकाळची एसटी धरून पालघर आणि तिथून गाडीनं बोईसर गाठलं असतं, तर तू शाळेत शिकवायला निघायच्या आत तुझ्या दाराशी उभा राहिलो असतो. तरी पत्रच लिहायला घेतलंय. मच्छीमार सोसायटीच्या बर्फाच्या कारखान्यात सगळा जन्म गेला. तिथं मशीन बिघडलं की दोन ओळी लिहून द्याव्या लागायच्या, त्यापलीकडे माझं लिहिणं कधी गेलं नाही. घरच्या माणसाला पत्र लिहायची तर वेळच आली नव्हती. तेव्हा कुठं मागचं पुढं झालं तर समजून घे.

इकडचं बरं आहे. बोंबील यंदा चांगला लागलाय, बंदरावरचे वाळवणाचे बांबू भरून गेलेत. लाडकीमावशीनं तुझ्यासाठी सुके वेगळे काढून ठेवलेत आणि मला रोज विचारते, पोरगी कधी येते. मी सांगतो, तिच्या शाळेत परीक्षा चालल्यात. परीक्षा नाहीत हे तिलाही ठाऊक आहे. ती तुझ्या आईच्या बरोबरीची. दोघी एकाच होडीचा मासा घेऊन बाजाराला जायच्या. तिच्यापासून काय लपणार.

त्या रविवारच्या गोष्टीवर येतो. तू शाळेत होतीस तेव्हा सोमीआत्या एकदा बोलून गेली होती, की तुझी आई एका पिक्चरमध्ये होती. तेव्हापासून तू त्या ‘पेटारा पळाला’च्या मागे लागलीस. तो सिनेमा कुणालाच आठवत नव्हता. आठवडाभर चालून जो उतरला तो उतरलाच, टीव्हीवरही कधी लागला नाही. आपल्याकडे तुझ्या आईचा, नवसीचा एकच फोटो, लग्नातला, आणि त्यात तिनं मान खाली घातलेली. मुंडावळ्यांआड नाक तेवढं दिसतं. तुला आईचं तोंड नीट बघायचं होतं, यात न कळण्यासारखं काय होतं? मग पालघरचा तो हर्षित तुला भेटला, जुन्या सिनेमांचा वेडा, आणि त्यानं कोल्हापूरकडच्या एका बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावरून त्याची रिळं शोधून काढली. त्या दिवशी तू फोनवर नुसती रडत होतीस आणि मी म्हटलं, चांगलं झालं. ते मी मनापासून म्हटलं होतं. मलाही तिला बघायचं होतं.

त्या रविवारी तू तो सिनेमा सगळ्यांना दाखवलास, तेव्हा हॉल भरला होता. तुझ्या शाळेतल्या बाई, धीरजरावांच्या कारखान्यातली माणसं, आपल्या गावची तरुण पोरं. तू मला पहिल्या रांगेत बसवलंस, एका बाजूला तुझी मेघाली, दुसऱ्या बाजूला लाडकी. चित्राचे रंग उडून गेलेले, सगळं लालसर पडलेलं, समुद्रसुद्धा विटकरी. मग ते चार चोर आले. कामावरून काढलेला हवालदार, खोटा साधू, नाटकातला पडेल नट, आणि रक्त बघून चक्कर येणारा न्हावी. किल्ल्याच्या बुरुजाखाली पोर्तुगिजांच्या वेळचा पेटारा सापडतो आणि हे चौघं तो भरदिवसा पळवतात, वर भगवं कापड टाकून, पालखी म्हणून. आणि मागून अख्खं गाव हात जोडून, टाळ वाजवत त्यांच्याबरोबर चालतं. जिथं पळायचं तिथं त्यांना थांबून ओवाळून घ्यावं लागतं. मेघाली हसून हसून खुर्चीवरून घसरत होती. मीही हसलो. पुढं पोलीस मागे लागल्यावर ते दागिने बोंबलाच्या पाटीत दडवतात, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक कोळीण ती पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघते. ती नवसी.

तिला चालताना मी किती वर्षांनी पाहिलं. माणूस गेल्यावर तोंड आठवतं, दीपा, पण चाल विसरायला होते. डाव्या पायावर ती थोडा जास्त भार टाकायची, ते मी पार विसरलो होतो. ती बाजारात बसली, पदर खोचला, माशांवर पाणी शिंपडलं. तो साधू सगळी पाटी विकत घ्यायला येतो, पोलीस पाठीवर आलेले असतात, आणि तरी सवयीनं घासाघीस करत बसतो. ती त्याच्याकडे बघते आणि म्हणते, “एवढी घाई हाय त माशाशीच लगीन कर.” हॉल हसण्यानं दणाणला. मी मागे वळून बघितलं तर तू तोंडावर हात धरून उभी होतीस.

सिनेमा संपल्यावर तू पुढं गेलीस आणि माइक घेतलास. म्हणालीस, “मी चालायला लागायच्या आत माझी आई गेली. आज मी पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला.” सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. मग तू मला वर बोलावलंस. “बाबा, या ना. तुम्ही सांगा, ती अशीच बोलायची ना?” आणि मी उठलो, आणि तुझ्याकडे न येता दाराकडे चालू लागलो. तू मागे धावत आलीस. रस्त्यावर, रिक्षावाल्यांच्या देखत तू विचारलंस, “बाबा, तुम्हाला तिची लाज वाटते का?” मी रिक्षात बसलो आणि रिक्षा सुटली. तुझा चेहरा मला मागच्या काचेतून दिसत होता.

लाज नाही. कशी असेल? तू जन्मलीस त्याच हिवाळ्यात ती सिनेमाची माणसं इथं आली होती. कोळणीचं काम मुंबईची एक नटी करणार होती. ती बंदरावर आली, वाळत्या बोंबलाचा वास नाकात गेला, आणि गाडीची काच वर करून जी परत गेली ती आलीच नाही. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला होता. तेवढ्यात त्याला नवसी दिसली, एका दलालाशी भांडताना. भांडताना तुझी आई ओरडायची नाही. समोरच्याकडे नुसती बघत राहायची, तो बोलून बोलून दमायचा, आणि मग ही एकच वाक्य टाकायची. दिग्दर्शक माझ्याकडे आला आणि म्हणाला, “तुमच्या मिसेसना कामाला घेऊ का?” मी म्हटलं, “तिला इचारा. बाजारात ती बसते, मी नाय.” नवसीनं त्याला एवढंच विचारलं, “पोरीला घेऊन येऊ काय?”

तू एका होडीच्या सावलीत झोळीत असायचीस. तू रडलीस की शूटिंग थांबायचं. नवसी पाटी ठेवून उठायची, तुला पाजायची, आणि तोवर कॅमेरा, दिवे, सगळी माणसं उन्हात उभी. ते चारही चोर तुझी झोळी हलवायला बसलेले मी पाहिलेत, साधू दाढी काढून, कारण दाढीला तू घाबरायचीस. खजिन्याचे दागिने नकली होते. त्या मोत्यांना बोंबलाचा वास लागला तो काही केल्या जाईना. शेवटी नवसीनंच चिंच लावून ते धुऊन दिले. तिचं लुगडं हिरवं होतं, दीपा. हिरवंगार. पडद्यावर ते मातकट दिसलं, म्हणून सांगतो.

आणि ते माशाशी लगीन करायचं वाक्य सिनेमावाल्यांनी दिलेलं नव्हतं. त्यांनी काहीतरी लांबलचक दिलं होतं, ते तिच्या तोंडात बसेना. साधू आपला घासाघीस करत राहिला आणि ती खरोखरच वैतागून बोलून गेली. कॅमेरावाला हसला, चित्र हललं, परत घ्यावं लागलं. दुसऱ्यांदा दिग्दर्शकच म्हणाला, बाई, तेच म्हणा. त्या संध्याकाळी गावभर जो तो एकमेकांना माशाशी लगीन कर म्हणत होता. नवसी घरी भाकऱ्या थापताना एकटीच हसली होती.

उन्हाळ्यात मुंबईहून बोलावणं आलं. तेव्हा सिनेमात आवाज मागाहून भरायचे. समुद्राचा वारा, माणसांचा गलका, तुझं रडणं, ते सगळं काढून टाकायचं आणि बंद खोलीत उभं राहून तेच पुन्हा बोलायचं. तुला सोमीआत्याकडे ठेवून आम्ही दोघं गेलो. नवसी लग्नातलं लुगडं नेसली होती. नुसता आवाज द्यायचा, बघणार कोण, पण नेसली. तिथं अंधार करून त्यांनी तिला तिचंच तोंड पडद्यावर दाखवलं, कानांना ते यंत्र लावलं, आणि सांगितलं, ओठ हलले की बोला. तिला ते जमेना. स्वतःला बघूनच ती गप्प व्हायची. ओठ हलून जायचे आणि ही बघत राहायची. बऱ्याच वेळानं एकदाचं जमलं, तेव्हा काचेपलीकडचा माणूस म्हणाला, “हा आवाज चालणार नाही. बाईचा वाटतच नाही.” आम्हाला ऐकू जातंय हे त्याच्या लक्षात आलं नाही. दिग्दर्शक भला माणूस होता. तो बाहेर आला, चहा मागवला, आणि खाली बघत म्हणाला, “वहिनी, चेहरा तुमचाच राहील. आवाज आपण दुसऱ्या कुणाचा तरी घेऊ.” नवसीनं चहा संपवला, कप कुठं ठेवू म्हणून विचारलं, आणि आम्ही निघालो.

परतीच्या गाडीत बसलो. सफाळं गेलं, केळवं गेलं. पालघरला उतरल्यावर तिनं विचारलं, “माजा आवाज बाईचा नाय वाटत?” मी म्हटलं, “मला त तुजाच वाटतो.” ती थोडं हसली. पण त्यानंतर तिनं बाजारात हाक मारणं सोडलं. गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं तरच बोलायची. लाडकी दोघींच्या वतीनं हाका मारायची. तुला झोपवताना ती गायची तेही थांबलं, नुसती थोपटत बसायची. मी एकदा म्हटलं, गा की. तर तुझ्याकडे बघत म्हणाली, “पोरीनं उचलला त?”

पावसात तिला कावीळ झाली. झाडपाल्याचं औषध झालं, डॉक्टर झाला, हॉस्पिटल झालं. होड्या पुन्हा समुद्रात जायच्या आत ती गेली.

सिनेमा त्यानंतर लागला. सातपाटीहून टेम्पो भरून माणसं पालघरला गेली, मला धरून नेलं. पडद्यावर पाटी घेऊन नवसी आली तेव्हा आमच्यातल्या बाया रडायला लागल्या. मग तिनं तोंड उघडलं आणि रडणं थांबलं. सगळं थिएटर हसत होतं आणि आमच्या रांगा गप्प. सोमी अंधारात मोठ्यानं म्हणाली, “ही कोण बोलते?”

आता तुला कळलं असेल. हॉलमध्ये तू जो ऐकलास तो तुझ्या आईचा आवाज नाही, दीपा. मुंबईच्या कुणा बाईचा आहे. त्या बाईनं वाईट काम केलेलं नाही. आवाज गोड आहे, किणकिणता आहे, सिनेमातल्या कोळणी लाडीक बोलतात तसा. वाक्य तेवढं नवसीचं. ओठ नवसीचे.

सोमी गेली, त्या वेळची बाकीची माणसंही एकेक करून गेली. हॉलमध्ये हे ठाऊक असलेले आम्ही दोघंच होतो. तू माइकवर बोललीस तेव्हा लाडकीनं माझा हात घट्ट धरला आणि कानाशी म्हणाली, “नको सांगू. पोरीला गावलंय त राहू दे.” म्हणून मी उठलो. वर येऊन हो म्हणणं मला जमलं नसतं, आणि एवढ्या माणसांत नाही म्हणणं त्याहून नाही. रस्त्यावर तू लाजेचं विचारलंस तेव्हा तोंडाशी आलं होतं. पण तुझ्या हातात फोन होता. त्यात तू ते वाक्य भरून घेतलं होतंस आणि फोन छातीशी धरला होतास.

लाडकीचं ऐकून मी गप्प राहिलोही असतो. मग धीरजरावांचा मेसेज आला, की मेघालीला ते वाक्य पाठ झालंय, शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती आजीसारखं बोलून दाखवणार आहे. मी त्यावर पुष्कळ विचार केला. दुसऱ्या कुणाच्या आवाजानं कुणाचं काय बिघडतं? मेलेल्या माणसाला ऐकू येत नाही. तुला सुख मिळत होतं, आणि ते तुझ्या वाट्याला फार कमी आलंय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण नवसीला एकदा त्या खोलीतून बाहेर काढलं होतं. आता तिच्याच घरातून काढायचं, हे माझ्यानं होईना.

तिचा आवाज जाड होता. खालच्या पट्टीतला. सकाळी उठल्या उठल्या तर खरखरायचा, भाताचा टोप डावानं खरवडावा तसा. अर्ध्या वाक्यात ती थांबायची. “एवढी घाई हाय त,” म्हणायची आणि मान खाली घालून मासा उलटा करायची, इतका वेळ की समोरच्याला वाटावं, झालं हिचं बोलून. मग वर न बघता, “माशाशीच लगीन कर.” शेवटचा शब्द जवळजवळ गिळून टाकायची. सिनेमातल्या बाईनं त्या मधल्या जागेत एक नाजूक हसू भरलंय. नवसी तिथं हसली नव्हती. लहानपणी तू विचारायचीस, आई कशी बोलायची, आणि मी म्हणायचो, तुझ्यासारखी. पोरीला बरं वाटावं म्हणून म्हणायचो. तुझा आवाज माझ्या आईवर गेलाय, पातळ आणि भराभर. नवसीचा कुणीच उचलला नाही.

आता फोनचं सांगतो. गणपतीपासून माझा घसा बसलाय. त्या रविवारी गडबडीत तू विचारलंसही, बाबा, सर्दी झाली का, आणि मी मान हलवली. पालघरच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. लाडकीचा मुलगा रूपेश बरोबर आला होता. त्यांनी नळी घालून बघितलं. गाठ आहे आणि ती चांगली नाही. स्वरयंत्र काढावं लागेल म्हणतात. जीव वाचेल असं त्यांना वाटतं. डॉक्टर तरुण आहे, पण उगाच धीर देणारा वाटला नाही. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. बोलणं नाही. शिमगा झाला की ऑपरेशन आहे. आता माझं बोलणं फोनवर कुणाला कळत नाही, नुसती घरघर ऐकू जाते, आणि तुला ती तशी ऐकवायची नव्हती. समोर बसलं की अजून कळतं. नवसी कशी बोलायची ते मी आजवर कुणाला करून दाखवलं नव्हतं, पुरुषमाणसाला कसंतरीच वाटतं. परवा दुपारी बंदरावर कुणी नाही असं बघून करून पाहिलं. लाडकी मागून येत होती, मला कळलं नाही. तिनं पाटी खाली ठेवली आणि तिथंच वाळूत बसली, तोंडाला पदर लावून. म्हणजे थोडंफार जमत असावं. तर शिमग्याच्या आत ये, मेघालीलाही आण. ते वाक्य म्हणून दाखवीन. तुला झोळीतून उचलताना ती काय म्हणायची ते, मला जेवायला हाक कशी मारायची ते, लाडकीशी भांडायची ते, आठवेल तेवढं सगळं. तुला फोनमध्ये भरून घ्यायचं असेल तर घे, मी नको म्हणणार नाही. पण आधी एकदा फोन बाजूला ठेवून माझ्यासमोर बस आणि नुसतं ऐक.

बोलता येतंय तोवरचा, आणि त्यानंतरचाही,
तुझाच
बाबा